चंद्रावरच्या बसमधले राखीव आसन

“आता माझ्या हातून काय होणार?”

वार्धक्यात किंवा मोठ्या आजारपणानंतर हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येते. ऐकणारा “होईल हो सगळं नीट” असे म्हणून वेळ मारून नेतो आणि बोलणारा पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागतो. गेल्या वर्षी प्रभादेवीच्या आमच्या घरात हे वाक्य रोज कानी पडत असे. माझे सासरे ७६ वर्षांचे. बेस्टच्या दादर कार्यशाळेत बसच्या बॉडीच्या कामात त्यांची ३४ वर्षे गेली. पत्रा कापणे, खुर्च्या बसवणे, दांडे ठोकणे यांत त्यांचा हात कधी चुकला नाही. निवृत्तीनंतरही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कड्या-बिजागऱ्या तेच दुरुस्त करीत. पक्षाघाताच्या सौम्य झटक्याने नेमका तोच उजवा हात अधू केला.

सुदैवाने उपचार वेळेत मिळाले. वाचा शाबूत राहिली. काठी घेऊन सिद्धिविनायकापर्यंत सावकाश चालणेही जमू लागले. परंतु सदऱ्याची बटणे लागत नव्हती, वरणभाताचा चमचा तोंडापर्यंत जाताना सांडत होता. बोटांच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू दोन दिवसांत कपाटावर गेला. “चेंडू दाबून काय तयार होतं?” असे ते विचारीत. आयुष्यभर हाताने काही ना काही तयार केलेल्या माणसाचा हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

अमेरिकेहून आलेले खोके

दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या भाच्याने माझ्या मुलासाठी एक खोके आणले. सुटे प्लॅस्टिकचे भाग जुळवून करावयाच्या प्रतिकृतीचा तो संच होता. १९६८ साली प्रदर्शित झालेल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या स्टॅन्ले कुब्रिक यांच्या चित्रपटात चंद्रावर प्रवासी वाहून नेणारे एक छोटे यान आहे. त्याचे नावच ‘मून बस’, म्हणजे चांद्रबस. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले त्याच १९६९ साली ऑरोरा या अमेरिकी कंपनीने या बसची प्रतिकृती बाजारात आणली होती. पुढे मोबियस या कंपनीने ती पुन्हा काढली. आमच्या घरी आलेला संच तो.

नातवाने खोके उघडून भाग पसरले. बाबा दुरून पाहत होते.

“चाकं कुठं आहेत?” त्यांनी विचारले.

“आजोबा, ही उडते. हिला चाकं नाहीत.”

“चाक नाही ती कसली बस?” असे म्हणत ते खुर्ची ओढून जवळ बसले. कित्येक आठवड्यांनी स्वतःहून उठून ते एखाद्या गोष्टीपाशी आले होते. बाहेरचे कवच त्यांनी बाजूला सारले आणि आतली लहानशी फरशी व खुर्च्या उचलून निरखल्या. “खुर्च्या बरोबर नाहीत. उतारू पाय कुठं ठेवणार?” हा त्यांचा पहिला अभिप्राय. बसचा अंतर्भाग स्वतः करावयाचा, हे तेव्हाच ठरले.

हेतू असलेली हालचाल

आमच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना आनंद झाला, आश्चर्य वाटले नाही. व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी, ही शाखा याच विचारावर उभी आहे. रुग्णाला ज्या कामात अर्थ वाटतो ते कामच उपचाराचे साधन होते. आपल्या भागाला या शाखेचा मोठा वारसा आहे. भारतातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये प्रभादेवीला लागूनच असलेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली आणि ती सुरू करणाऱ्या होत्या कमला निंबकर.

पक्षाघातानंतर मेंदूचा इजा झालेला भाग पूर्ववत होत नसला, तरी उरलेल्या भागांत नवे मार्ग तयार होऊ शकतात. त्यासाठी हालचाल पुनःपुन्हा करावी लागते, आणि ती प्रत्यक्ष कामाशी निगडित असेल तर अधिक उपयोगी पडते. चिमट्याने लहानशी खुर्ची उचलताना अंगठा व तर्जनी यांची जी पकड लागते, तीच सदऱ्याच्या बटणाला लागते. फरक इतकाच की खुर्ची जागेवर बसते तेव्हा काहीतरी तयार झालेले डोळ्यांना दिसते.

बाईंनी एक मोलाची सूचना केली. “अधू हाताला बाजूला ठेवू नका. त्याला धरण्याचे काम द्या. चांगला हात कापील, रंगवील. अधू हात पट्टी दाबून धरील, ताट स्थिर ठेवील. धरणे हेही कामच आहे.” पुढे महिनाभराने तोच हात ब्रशही धरू लागला.

छंदाने स्मृती टिकते का, हा प्रश्न अनेक वाचक विचारतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षांवरील व्यक्तींचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. चित्रकला, शिल्पकला, हस्तकला यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृती व विचारशक्तीचा सौम्य ऱ्हास कमी प्रमाणात आढळला. मात्र हा निरीक्षणात्मक अभ्यास होता. छंदामुळेच ऱ्हास टळला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा छंदाला औषधाची जागा देऊ नये; त्याची स्वतःची जागा पुरेशी मोठी आहे.

पंचावन्नाचा पाढा

या प्रतिकृतीचे प्रमाण एकास पंचावन्न. म्हणजे खऱ्या बसमधील ५५ सेंटिमीटर येथे एक सेंटिमीटर होतात. बाबांनी जुन्या वहीत हिशेब मांडला. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस तीन सेंटिमीटरचा. ४५ सेंटिमीटर रुंदीची खुर्ची आठ मिलिमीटरची. उतारूंनी धरावयाचा तीन सेंटिमीटर जाडीचा दांडा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे वायरमधल्या तांब्याच्या एका तारेएवढा. कार्यशाळेत वर्षानुवर्षे हाताळलेली मापे पंचावन्नाने भागताना त्यांचा चेहरा खुलत असे. एखादा भागाकार चुके, मग नातू आणि आजोबा मिळून तो पुन्हा करीत.

पहिले काम ‘कोरड्या जुळवणी’चे. गोंद न लावता भाग एकमेकांत बसवून पाहावयाचे, कुठे अडते ते हेरावयाचे आणि मगच रंग. आतली आसने, भिंती, फरशी सुटी असतानाच रंगवावी लागतात, कारण कवच चढल्यावर ब्रश आत जात नाही. रंग वाळल्यावर काळा रंग पुष्कळ पाण्यात कालवून फटींवरून फिरवला की तो खाचांत साठतो आणि सपाट प्लॅस्टिकला खोली येते. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशाने फिकट रंग कडांवरून हलकेच घासला की कडा झिजल्यासारख्या उठून दिसतात. हे शेवटचे काम थोड्या थरथरत्या हातालाही जमते, हे येथे मुद्दाम नमूद करते.

खोक्यातील आसने रद्द करून बाबांनी जाड पुठ्ठ्याची आठ आसने स्वतः कापली. नियंत्रणफलकासाठी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा उपयोग झाला. त्यांतले फुगवटे उलटे चिकटवून रंगवले की दिव्यांची रांग दिसू लागते. यात कमीपणा नाही. त्या चित्रपटाच्या कारागिरांनीही यानांवरचे बारीक तपशील भरण्यासाठी बाजारातील प्लॅस्टिक संचांचे सुटे भाग सर्रास वापरले होते. आमच्याकडे रणगाड्यांचे संच नव्हते, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे मात्र भरपूर होती.

चित्रपटात चांद्रबसमधील प्रवासी वाटेत सँडविच खातात. ते पाहून बाबांनी विचारले, “यांचा डबा कुठं आहे?” बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची जाडी सुमारे तीन मिलिमीटर असते. पंचावन्नाने गुणल्यास साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे बेताचा जेवणाचा डबा. रिफिलचे तीन तुकडे एकावर एक चिकटवून, चंदेरी रंग देऊन तो डबा एका आसनाखाली ठेवला गेला.

माझी चूक

आता या लेखाचे खरे कारण सांगते.

दुसऱ्या आठवड्यात आठांपैकी सहा आसने बसली. सहावे मात्र तिरके बसले. संध्याकाळी थकवा आला होता आणि हात ऐकत नव्हता. बाबा काही न बोलता झोपायला गेले. त्यांना सकाळी वाईट वाटू नये म्हणून रात्री मी चिमटा घेतला, अर्धवट वाळलेले आसन सोडवले आणि सरळ बसवून ठेवले. मला ते माझे प्रेम वाटले.

सकाळी त्यांनी भिंगातून पाहिले. क्षणभराने भिंग खाली ठेवले.

“सूनबाई, ही खुर्ची मी बसवलेली नाही.”

“बाबा, जरा वाकडी होती, म्हणून मी…”

“मग उरलेल्याही तूच बसव.”

त्यांनी खोक्यावर झाकण घातले. नऊ दिवस त्याला कुणी हात लावला नाही. चेंडूसारखे तेही कपाटावर जाणार, असे वाटू लागले. त्याहून वाईट म्हणजे, जेवताना सांडू लागताच ते चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागले, जणू आता तेही मीच करावे.

मी बाईंना विचारले. त्यांनी दोष दिला नाही. “शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे होते,” असे म्हणून त्या पुढे बोलल्या, “तुम्ही खुर्ची सरळ केलीत, पण त्यांना ऐकू आले ते असे, की तुमचे काम चालण्याजोगे नाही. आता समजूत काढू नका. क्षमा मागा आणि शिकवायला सांगा.”

त्या संध्याकाळी मी तसेच केले. “बाबा, माझं चुकलं. न विचारता हात लावायला नको होता. पण खऱ्या बसमध्ये खुर्ची फरशीला कशी बसवतात, ते मला ठाऊकच नाही.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आधी रेघ मारतात.” त्यांनी फरशी मागवली, डाव्या हाताने पट्टी धरली आणि उजव्या हाताने, खूप हळू, पेन्सिलीची रेघ ओढली. रेघ थोडी हलली. मी बसवलेले आसन त्यांनी उचकटून टाकले आणि नवे कापले. तेही किंचित तिरके बसले. या वेळी त्यांनी स्वतःच ते न्याहाळले आणि म्हणाले, “राहू दे. बसमध्ये एखादी खुर्ची हललेली असतेच.”

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. मदत विचारून करावी. “मी करू का?” यापेक्षा “मी काय धरू?” हा प्रश्न चांगला. अपुरे राहिलेले काम अपुरेच राहू द्यावे. ते उद्याच्या सकाळचे निमित्त असते.

टेबल, उजेड आणि वेळ

खुर्ची पाठ टेकता येईल अशी असावी. पावले जमिनीवर पूर्ण टेकावीत. टेबल कोपराच्या उंचीचे असावे, म्हणजे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर विसावतात. हाताला असा आधार मिळाला की थरथर पुष्कळ आटोक्यात राहते.

साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून खोलीतील दिव्याखेरीज टेबलावर वेगळा दिवा हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. स्टँडवरचे भिंग असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. मोतीबिंदू वा चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्यावा.

काम कडा असलेल्या मोठ्या ताटात पांढरे फडके अंथरून करावे. निसटलेला भाग जमिनीवर जात नाही आणि वाकून शोधताना तोल जाण्याचे भय उरत नाही. ब्रशाच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की तो जाड होतो व पकड सोपी जाते.

एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. मग उठावे, पाणी प्यावे, खोलीत चार फेऱ्या माराव्यात. पक्षाघातानंतरचा थकवा हा आळस नसतो, त्याचा मान ठेवावा. मात्र हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, बोलणे अडखळू लागले, तर थकवा समजून वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

सावधगिरी

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक निवडावेत. थिनरचे रंग व प्लॅस्टिक जोडण्याचे द्रव चिकटद्रव्य यांच्या वाफा श्वासाला त्रास देतात. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असल्यास ती टाळावीत. इतरांनीही खिडकी उघडी ठेवूनच वापरावीत. स्प्रेचे डबे घरात वापरू नयेत. प्लॅस्टिक घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा, म्हणजे भुकटी उडत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लहान जखमही बराच वेळ वाहते. धारदार पात्याचे काम अशा वेळी घरातील दुसऱ्याने करावे, अर्थात विचारून. ज्या हाताची संवेदना कमी झाली आहे त्याच्याजवळ तापलेली कावी किंवा गरम गोंद आणू नये. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे जुळली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. तो डोळ्यांत गेल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

घरात लहान मूल असेल, किंवा स्मृतिभ्रंशाची व्यक्ती असेल, तर बटणासारखे चपटे सेल कामाच्या जागी ठेवूच नयेत. गिळलेला सेल अन्ननलिकेला थोड्या वेळात गंभीर इजा करतो. आणि गोळ्यांची पाकिटे कामासाठी घ्यावयाची ती पूर्ण रिकामी झालेलीच. औषधांचा डबा आणि कामाचे ताट यांची कधीही गल्लत होऊ देऊ नये.

आतला दिवा

दिव्यांसाठी आजोबा व नातू टॅक्सीने लॅमिंग्टन रोडला गेले. आजारपणानंतरचा बाबांचा हा पहिला लांबचा प्रवास. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि मोबाइलच्या चार्जरमधून पाच मिळतात. मध्ये २२० ओहमचा रोधक घातला की प्रकाश डोळ्यांना सौम्य होतो आणि दिवा टिकतो. पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा खिडक्यांतून न येता तो साऱ्या कवचातून पाझरला, कारण पातळ प्लॅस्टिक उजेड अडवत नाही. त्यावर उपाय म्हणजे कवचाला आतून आधी काळा व त्यावर पांढरा रंग देणे. ते काम बाबांनी चार दिवस पुरवून केले. सपाट पृष्ठभागावर रुंद ब्रश फिरवताना त्यांचा उजवा हात कितीतरी मोकळा झाला.

सर्वांत शेवटी त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरा ताणला. ती कंडक्टरच्या घंटीची दोरी. “एक घंटी थांबायला, दोन निघायला. चंद्रावरही ड्रायव्हरला कळायला नको?” आणि तिरक्या आसनाच्या वर एक इवलीशी पाटी लावली. अक्षरे हाताने लिहिणे शक्य नव्हते, म्हणून नातवाने संगणकावर ती लहान करून छापली. भिंग धरल्यावर वाचता येते : ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव’.

छत चिकटवायचे नाही, हेही त्यांनीच ठरवले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले होते, “बाहेरून बस सुरेख दिसते. आतलं एवढं कोण बघणार?” बाबांनी छत उचलून बस त्यांच्यासमोर ठेवली आणि भिंग पुढे केले. गृहस्थ पंधरा मिनिटे पाहत होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली आहे आणि ते दुपारी एकटेच असतात. आता मंगळवारी व शुक्रवारी दुपारी आमच्या टेबलाशी दोन खुर्च्या असतात.

बाबांचा हात पूर्वीसारखा झालेला नाही. वरचे बटण अजून मला लावावे लागते, खालची तीन ते स्वतः लावतात. वाईट दिवस येतात. त्या दिवशी खोके बंदच राहते आणि आम्ही ते उघडायला सांगत नाही. परंतु “आता माझ्या हातून काय होणार?” हे वाक्य कमी झाले आहे. त्याऐवजी परवा त्यांनी मला विचारले, “सूनबाई, डबल डेकर करायची तर जिन्याची पायरी किती मिलिमीटरची येईल?”

मी वही आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली.